बडोद्याहून युरोप: विमानतळ आणि कनेक्टिंग विमाने कशी निवडावीत

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून युरोपातील कोणत्याही शहराकडे थेट विमान सुटत नाही. त्यामुळे बडोदेकराच्या युरोपप्रवासाला किमान दोन टप्पे असतातच, आणि आखातात किंवा युरोपात विमान बदलायचे ठरले तर तीन होतात. तिकिटांच्या संकेतस्थळावर भाडे ठळक अक्षरांत दिसते, पण कारेलीबाग किंवा दांडिया बाजारातील घरापासून विमानतळापर्यंतचा टप्पा तेथे दिसत नाही, आणि सहल बिघडते ती बहुतेक वेळा याच न दिसणाऱ्या टप्प्यावर किंवा दोन टप्प्यांच्या सांध्यावर. म्हणून या लेखातील क्रम नेहमीच्या सवयीपेक्षा उलटा आहे. आधी युरोपातील मुक्कामाची गावे ठरवावीत, त्यांवरून उतरण्याचा आणि परत निघण्याचा विमानतळ ठरवावा, मग आपल्याकडचा विमानतळ, मग विमान बदलण्याचे ठिकाण, आणि तिकीट सर्वांत शेवटी घ्यावे. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारत राहावे: हा सांधा निखळला, तर पुढची सोय कोणी करायची, विमान कंपनीने की आपण?

आधी नकाशा

ज्या गावांत रात्री काढायच्या आहेत ती गावे कागदावर लिहून काढावीत आणि कोणत्या क्रमाने गेले असता मागे फिरावे लागत नाही ते पाहावे. समजा, एका कुटुंबात नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी असे चौघे आहेत आणि त्यांना बारा दिवसांत स्वित्झर्लंड व इटली पाहायचे आहे. लुसर्न, इंटरलाकेन, मिलान, फ्लोरेन्स, रोम हा सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणारा रस्ता आहे. त्यांनी झुरिकचे जाण्या-येण्याचे तिकीट काढले, तर शेवटी रोमहून पुन्हा आल्प्स ओलांडून झुरिकला यावे लागेल, त्यात एक अख्खा दिवस, चौघांचे रेल्वेभाडे आणि बहुधा आणखी एका रात्रीचे हॉटेल जाईल. त्याऐवजी झुरिकला उतरून रोमहून परत निघावे. यासाठी दोन सुटी एकेरी तिकिटे घेऊ नयेत, कारण लांब पल्ल्याची एकेरी तिकिटे पुष्कळदा अवाच्या सवा महाग असतात. संकेतस्थळावरील ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून अहमदाबाद ते झुरिक आणि रोम ते अहमदाबाद असे एकच तिकीट काढावे. एकाच कंपनीची दोन्ही शहरांत सेवा असेल, तर त्याचे भाडे साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच राहते, आणि थोडे जास्त पडले तरी वाचलेला दिवस त्याहून मोलाचा असतो.

व्हिसाचा विचारही याच कागदावर करावा. शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आता २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून त्यात आला, आणि बल्गेरिया व रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. म्हणजे वरील कुटुंबाचे दोन्ही देशांतील दिवस समसमान झाले, तर उतरण्याचा विमानतळ बदलताच अर्ज करण्याचा देशही बदलतो. व्हिसा एका देशाचा आणि उतरणे दुसऱ्या देशात असे झाले तरी नियमाला बाधा येत नाही. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारल्यास दाखवायला सर्व हॉटेलांची आरक्षणे मात्र हातातल्या पिशवीत असावीत.

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, म्हणून लंडन ज्यांना पाहायचेच आहे त्यांनी ते सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावे. पॅरिस, लंडन, अ‍ॅमस्टरडॅम असा क्रम धरला तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. अहमदाबादहून लंडनला एअर इंडियाची थेट सेवा आहे, तेव्हा तिकडून सुरुवात करून लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून युरोस्टार गाडीने सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला जाणे आणि युरोपच्या मुख्य भूमीवरूनच परत फिरणे हा सुटसुटीत मार्ग ठरतो. या गाडीसाठी फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनवरच होते, त्यामुळे गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी तेथे पोहोचावे लागते.

युरोपातल्या युरोपात विमानाने फिरण्याचा मोह आवरावा. रेल्वेने चार तासांच्या आत पोहोचता येत असेल, तर विमान वेळ वाचवत नाही. मिलान ते रोम वेगवान गाडीने सुमारे तीन तास लागतात, पॅरिस ते झुरिक सुमारे चार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीनाच्या आत, आणि स्टेशने गावाच्या मध्यावर असतात.

शहराचे नाव आणि विमानतळाचे ठिकाण

तिकिटावर शहराचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नये. ‘फ्रँकफर्ट हान’ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर, आणि म्युनिकच्या नावावर खपवला जाणारा मेमिंगेनचा विमानतळ म्युनिकपासून शंभराहून अधिक किलोमीटर लांब आहे. भारतातून जाणारी मोठ्या कंपन्यांची विमाने येथे उतरत नाहीत. पण स्वस्त कंपनीचे एखादे अंतर्गत विमान घेतले की नेमकी ही नावे समोर येतात, आणि बसभाडे धरले की स्वस्ताई संपते. मिलानला तीन विमानतळ आहेत. लिनाटे शहराला अगदी लागून असून मेट्रोने जोडलेला आहे, मालपेन्सा सुमारे ५० किलोमीटरवर असून तेथून रेल्वे मिळते, आणि बेर्गामो हे मुळात वेगळेच गाव आहे. भारतातून किंवा आखातातून येणारे विमान साधारणपणे मालपेन्सालाच उतरते. पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली, रोमला फ्युमिचिनो आणि चिआम्पिनो, व्हेनिसला मार्को पोलो आणि ट्रेविसो अशा जोड्या आहेत. तिकिटावरील तीन अक्षरी संकेत पाहून नकाशात तो विमानतळ स्वतः शोधावा. दोन मिनिटांचे काम आहे.

काही विमानतळ मात्र इतके सोयीचे आहेत की केवळ त्यांच्यासाठी सहलीची दिशा बदलावी. झुरिक विमानतळाच्या तळघरातच रेल्वे स्टेशन आहे, तेथून शहराचे मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर आणि लुसर्न थेट गाडीने साधारण एका तासावर आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलखालीही स्टेशन आहे. फ्रँकफर्टच्या विमानतळावरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात आणि कोलोनला एका तासात पोहोचता येते. शार्ल द गोलच्या दुसऱ्या टर्मिनलखाली वेगवान गाड्यांचे स्टेशन आहे, त्यामुळे ज्यांना पॅरिस न पाहता थेट लियों किंवा स्ट्रासबूर्गला जायचे आहे त्यांना शहरात शिरण्याचीही गरज पडत नाही. बाझेलचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे आणि तेथून बाहेर पडताना स्विस व फ्रेंच अशी दोन वेगळी दारे आहेत. भाड्याची गाडी चुकीच्या बाजूने आरक्षित केली की घोटाळा होतो. प्राग विमानतळावरून रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. वृद्ध माणसे आणि मोठ्या बॅगा बरोबर असतील तर पहिला दिवस अशा ठिकाणी घालवावा, जेथे विमानतळावरून एकदाच गाडीत बसले की काम भागते.

अहमदाबाद, मुंबई की दिल्ली

अहमदाबादहून निघण्याचा मोठा फायदा अंतराचा आहे. दुमाड चोकडीला एक्सप्रेस हायवे धरला की ९३ किलोमीटरचा तो रस्ता संपल्यावर रिंग रोडने नरोड्याच्या बाजूने विमानतळ गाठता येतो, आणि घरापासून साधारण दोन ते अडीच तास लागतात. आंतरराष्ट्रीय विमाने दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. अहमदाबादहून दोहा, दुबई आणि अबुधाबीकडे विमाने जातात, आणि या तिन्ही ठिकाणांहून युरोपातील बहुतेक मोठी शहरे गाठता येतात. मुंबईचा फायदा असा की तेथून फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि लंडनला थेट विमाने आहेत. बडोद्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर आहे, वंदे भारतने चार-साडेचार तास लागतात, आणि विमानतळासाठी मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरणे सोयीचे पडते.

थेट विमान म्हणजे लवकर पोहोचणे, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. तो एकदा कागदावर तपासावा. वरील कुटुंबाने झुरिक गाठायचे ठरवले, तर अहमदाबादच्या मार्गाने अडीच तास मोटार, तीन तास विमानतळावर, साडेतीन तास दोह्यापर्यंत, अडीच तास तेथे थांबणे आणि पुढे साधारण सात तास, असे एकूण साडेअठरा तास होतात. मुंबईच्या मार्गाने रेल्वे साडेचार तास, बोरिवलीहून विमानतळापर्यंत वाहतूक धरून दीड तास, विमानतळावर चार तास (कारण रेल्वे उशिरा येईल या भीतीने आधीची गाडी धरावी लागते) आणि थेट विमानाचे नऊ तास, म्हणजे एकोणीस. घड्याळात फरक जवळजवळ पडत नाही. फरक पडतो तो कोणत्या प्रकारचे श्रम करायचे यात. अहमदाबादच्या मार्गात मध्यरात्री दोह्याला उठून दुसऱ्या विमानात बसावे लागते. मुंबईच्या मार्गात बॅगा घेऊन फलाटावरून उतरावे लागते, पण एकदा विमानात बसल्यावर सलग झोप मिळते. आजींना गुडघ्याचा त्रास असेल, तर माझा कौल अहमदाबादला, कारण व्हीलचेअरची मदत विमानतळावर मागितली की दारापासून आसनापर्यंत मिळते, बोरिवलीच्या पुलावर मात्र तसा भरवसा देता येत नाही. ही मदत तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवावी.

पावसाळ्यात हे गणित आणखी बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत मुसळधार पाऊस झाला की रुळांवर पाणी साचून गाड्या अडकतात, आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर तासाचे दोन तास होतात. त्या महिन्यांत मुंबईहून जायचेच असेल, तर आदल्या दिवशी पोहोचून अंधेरी-सहार भागात मुक्काम करावा. बडोद्याहून मुंबईला विमानाने जाण्याचाही पर्याय आहे, पण तो पुढे सांगितल्याप्रमाणे एकाच तिकिटावर असेल तरच घ्यावा, आणि ते विमान नेमके कोठे उतरते ते पाहावे. मुंबईच्या जुन्या विमानतळाला सांताक्रूझचे पहिले आणि सहारचे दुसरे अशी दोन टर्मिनल आहेत व त्यांच्यामध्ये शहराचा रस्ता आहे. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तेथे उतरून सहारला जायचे म्हणजे खाडी ओलांडून अख्खी मुंबई पालथी घालायची.

दिल्ली बडोदेकरासाठी तिसऱ्या क्रमांकावर राहते, कारण आधी पूर्वोत्तरेकडे जाऊन मग पश्चिमेकडे वळावे लागते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि त्या बंदीची मुदत पुढे वाढत गेली, त्यामुळे दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालण्याची वेळ आली. डिसेंबर-जानेवारीतील धुके ही वेगळीच डोकेदुखी. तरीही फिनलंड किंवा पोलंडकडे जायचे असेल तर दिल्लीचा विचार करावा. हेलसिंकी आणि वॉर्सा येथील कंपन्यांची थेट विमाने तेथून सुटतात.

तारखेची एक बाब येथेच सांगायला हवी. मुंबईहून आणि अहमदाबादहून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१३ मे, ०१:०५’ असे लिहिले असेल, तर बडोद्याचे घर १२ मेच्या दुपारी सोडावे लागते. १३ तारखेची रजा, १३ तारखेची टॅक्सी आणि १३ तारखेचे रेल्वे आरक्षण घेऊन बसलेल्या माणसाचे विमान तोवर अरबी समुद्र ओलांडून गेलेले असते. तिकीट हाती येताच घरातील दिनदर्शिकेवर विमानाची तारीख न लिहिता घर सोडण्याची तारीख आणि वेळ लिहावी.

विमान कोठे बदलायचे

आखातात विमान बदलणे आणि युरोपात विमान बदलणे यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तिकीट काढताना त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शेंगेनमध्ये प्रवेशाची तपासणी त्या क्षेत्रातील पहिल्या विमानतळावर होते. मुंबई, फ्रँकफर्ट, रोम असा प्रवास असेल तर पासपोर्टची रांग फ्रँकफर्टला, म्हणजे प्रवासाच्या मध्यावर लागते, आणि रांग लांबली तर रोमचे विमान निघून जाते. अहमदाबाद, दोहा, रोम असा प्रवास असेल तर दोह्याला केवळ हातातल्या सामानाची तपासणी होते, पासपोर्टची रांग रोमला लागते, आणि ती कितीही लांबली तरी चुकण्यासारखे काही पुढे उरलेले नसते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते आणि व्हिसासाठी आधी दिलेले बोटांचे ठसे पडताळले जातात. ज्यांची ही पहिलीच नोंदणी आहे त्यांना वेळ जास्त लागतो. त्यामुळे युरोपात विमान बदलणार असाल तर हाताशी अडीच ते तीन तास ठेवावेत. फ्रँकफर्टला ४५ मिनिटांचे कनेक्शनही नियमात बसते आणि संकेतस्थळ तसे तिकीट विकतेही. नियमात बसते म्हणून ते साठीच्या पुढच्या माणसांना झेपतेच असे नाही. दोहा, दुबई, अबुधाबी येथे दोन ते साडेतीन तास पुरेसे होतात. पाच-सहा तासांहून जास्त थांबणे स्वस्त पडले तरी टाळावे, कारण मध्यरात्री विमानतळाच्या खुर्चीत काढलेल्या वेळेची भरपाई पहिल्या दिवसाच्या झोपेने करावी लागते.

आखाताचा मार्ग निर्धोक आहे असे मात्र समजू नये. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा कतारची हवाई हद्द काही तास बंद राहिली आणि दोह्याकडे निघालेली विमाने दुसरीकडे वळवावी लागली. त्या भागातील बातम्या तापलेल्या असतील, तर मुंबईहून थेट विमानाचे पारडे जड होते. असा प्रसंग आलाच, तर एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्याला कंपनी दुसऱ्या मार्गाने पाठवते, आणि सुटी तिकिटे घेतलेल्याला स्वतः धावपळ करावी लागते.

लंडनमार्गे शेंगेनला जाण्याचे स्वस्त तिकीट दिसले तर थबकावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याला हीथ्रोला केवळ विमान बदलण्यासाठीही सामान्यतः ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि पर्यटनाचा साधा शेंगेन व्हिसा त्यातून सूट मिळवून देत नाही. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचे असेल, तर प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये प्रवेशच करावा लागतो. इस्तंबूललाही दोन विमानतळ आहेत. नवा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून निघणारे तिकीट संकेतस्थळावर ‘विमानतळ बदल’ अशा बारीक अक्षरांत दिसते, ते घेऊ नये.

सामानाबद्दल थोडेसे. अहमदाबादला हातातल्या पिशवीत गेलेली लोणच्याची बरणी दोह्याच्या किंवा फ्रँकफर्टच्या तपासणीत काढून घेतली जाऊ शकते, कारण १०० मिलिलिटरचा नियम तेथे पुन्हा लागतो. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, तेव्हा पेढे, श्रीखंड आणि तूप घरीच राहू द्यावे. कोरडा चिवडा आणि भाकरवडी खुशाल न्यावी.

एकच तिकीट, एकच पीएनआर

आता तिकिटाकडे वळू. सारा प्रवास एका पीएनआरवर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. बॅगाही शेवटच्या शहरापर्यंत चिठ्ठी लावून जातात. बडोदे ते मुंबई एक तिकीट आणि मुंबई ते पॅरिस दुसरे, असे सुटे घेतले तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण केवळ उशिरा आलेले प्रवासी ठरतो आणि तिकीट बुडते. शिवाय देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान चालते आणि आंतरराष्ट्रीय विमानात २३ किंवा ३० किलो. सुट्या तिकिटांवर वरच्या किलोंचे पैसे हरणीच्या काउंटरवरच भरावे लागतात. एकाच तिकिटावर सामान्यतः आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते, पण तिकिटावर छापलेला आकडा वाचून खात्री करावी.

काही संकेतस्थळे दोन अनोळखी कंपन्यांची तिकिटे स्वतःच जोडून एकत्र दाखवतात आणि कोपऱ्यात ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे लिहितात. याचा व्यवहारातील अर्थ असा की मधल्या शहरात इमिग्रेशनमधून बाहेर पडावे, बॅगा उचलाव्यात आणि पुन्हा चेक-इन करावे. त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. भाडे कितीही मोहक असले तरी कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने हा पर्याय यादीतूनच काढून टाकावा. ‘ऑपरेटेड बाय’ या शब्दांपुढे कोणत्या कंपनीचे नाव आहे तेही वाचावे, कारण तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असले की चेक-इन, आसन आणि जेवणाची नोंद विमान ज्यांचे त्यांच्याकडे करावी लागते.

या निवडीला हक्काचीही एक बाजू आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, विमान कंपनीच्या चुकीमुळे शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून अधिक उशीर झाला किंवा विमान ऐनवेळी रद्द झाले, तर ३५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासासाठी माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वादळ किंवा बंद हवाई हद्द अशा कारणांसाठी ती मिळत नाही. संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, कंपनी कोणत्याही देशाची असो, हा नियम लागतो. पण बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला तो कंपनी युरोपीय असेल तरच लागतो. म्हणून जाताना आखाती कंपनीच्या विमानाला झालेल्या उशिराबद्दल हा हक्क नसतो, परतताना रोमहून निघालेल्या त्याच कंपनीच्या विमानाबद्दल असतो.

भाडे पाहण्याच्या वेळेबद्दल नेमका मुहूर्त सांगता येत नाही. गुजरातच्या शाळांना सुटी असते त्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या तीन आठवड्यांत अहमदाबादहून निघणारी विमाने लवकर भरतात, तेव्हा त्या काळासाठी चार-पाच महिने आधीच चौकशी सुरू करावी. नाताळाच्या सुमारास परदेशस्थ गुजराती मंडळी घरी येतात आणि जानेवारीत परततात, त्यामुळे जानेवारीच्या पूर्वार्धात अहमदाबादहून पश्चिमेकडे जाणे महाग पडते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारे तिकीट घेऊ नये. थोडे जास्त भाडे देऊन रद्द करता येणारे तिकीट घेणे किंवा एजंटकडून काही दिवस आरक्षण धरून ठेवणे, हे दोन मार्ग आहेत. व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घेताना त्यात चुकलेल्या कनेक्शनचाही समावेश आहे का ते पाहावे. प्रीमियममध्ये फार फरक पडत नाही.

परतीचा टप्पा

परतीच्या प्रवासात युरोपातून बाहेर पडण्याची तपासणी शेंगेनमधील शेवटच्या विमानतळावर होते. रोम, फ्रँकफर्ट, मुंबई असे असेल तर ती फ्रँकफर्टला, म्हणजे येथेही मधल्या वेळेतच होते. खरेदीवरचा कर परत मागायचा असेल तर वस्तू कस्टम्सला दाखवण्यापूर्वी त्या बॅगेत घालून देऊ नयेत. आपल्याकडे उतरताना मात्र नियम वेगळा आहे. मुंबईमार्गे बडोद्याला एकाच तिकिटावर येत असलात तरी बॅगा मुंबईलाच पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून बाहेर काढाव्या लागतात आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी मुंबईला किमान चार तास हवेत, आणि टर्मिनल बदलत असेल तर पाच.

स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स आणि जर्मनीतील घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलते. या रविवारांच्या आसपास परतणाऱ्यांनी विमानाची वेळ पुन्हा तपासावी, कारण कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकेही त्याच दिवशी बदलतात.

मुंबईला उतरून रेल्वेने येणार असाल, तर एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. विमानाचे तिकीट चार-पाच महिने आधी निघते, पण रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच सुरू होते. तेव्हा जाण्याच्या आणि परतीच्या अशा दोन्ही गाड्यांची आरक्षणे उघडण्याच्या तारखा आधीच टिपून ठेवाव्यात. परतीची गाडी विमान उतरण्याच्या वेळेपासून निदान पाच-सहा तासांनंतरची असावी, आणि शक्य असल्यास तिच्या मागची आणखी एक गाडीही हेरून ठेवावी. अहमदाबादला उतरणाऱ्यांनी मोटार बडोद्याहूनच ठरवून बोलवावी आणि चालकाला विमानाचा क्रमांक द्यावा, म्हणजे विमान उशिरा असल्याचे त्याला घरबसल्या कळते आणि तो त्याप्रमाणे निघतो. पहाटे उतरणारे विमान असेल तर रात्रभर जागून एकट्याने एक्सप्रेस हायवेवर गाडी हाणणारा चालक नको. आदल्या संध्याकाळीच अहमदाबादला येऊन झोपलेला चालक थोडे जास्त पैसे घेईल, ते द्यावेत.